ढगातून उतरणारे नत्र आणि जांभ्यावरचे जंगल

तासगाव किंवा मिरजेकडचा द्राक्ष बागायतदार वेलीच्या ठरावीक अवस्थेत पानांचे देठ खुडून प्रयोगशाळेत पाठवतो. अहवाल आला की तो आधी नत्राचा (नायट्रोजनचा) आकडा पाहतो, मग स्फुरदाचा (फॉस्फरसचा), मग पालाशचा (पोटॅशियमचा). आणि नत्र वाजवीपेक्षा जास्त निघाले तर त्याचा चेहरा उतरतो, कारण अशी वेल पानावर जाते आणि घड मागे पडतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. ऊसकऱ्यालाही हेच वेगळ्या शब्दांत माहीत आहे : युरिया जास्त झाला की ऊस लोळतो. खत वाढवले की वाढ वाढते हा हिशेब शेतातही एका मर्यादेपुढे चालत नाही. जंगलात तो कसा चालतो, आणि कोठे बिघडतो, हा या लेखाचा विषय आहे.

जंगलाला खत घालते कोण, असा प्रश्न साहजिकच पडेल. महाबळेश्वर, कोयना किंवा चांदोलीच्या रानात कोणी गोण्या फोडत नाही. पण पाऊस, धुके आणि धूळ यांच्यासोबत वनस्पतींना लागणारी द्रव्ये तेथे वर्षभर उतरत असतात. शास्त्रज्ञ याला वातावरणीय निक्षेपण म्हणतात. आपण त्याला हवेतून येणारे खत म्हणू. या खतात नत्र आहे, थोडा स्फुरद आहे, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधकही आहे. माणसाच्या उद्योगांमुळे यातले नत्र इतरांच्या मानाने फार वेगाने वाढले, आणि सगळी गुंतागुंत तेथून सुरू होते.

हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे, तरी झाडाला तो वापरता येत नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ही पकड सोडवण्याचे, म्हणजे नत्र स्थिरीकरणाचे, काम निसर्गात मुख्यतः काही जिवाणू करतात; वीज कडाडते तेव्हाही थोडे नत्र मोकळे होते. शेकडो पिढ्या शेती आणि रान या तुटपुंज्या पुरवठ्यावर जगली. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला, आणि आज माणूस जमिनीवरच्या सगळ्या नैसर्गिक स्थिरीकरणाच्या तोडीचे किंवा त्याहून अधिक नत्र दरवर्षी मोकळे करतो. त्यातले बरेचसे आपल्याच बांधावर येऊन पडते. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणून ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबाने ह्या झाल्या सुमारे १९ गोण्या. त्यांतले निम्मे नत्रही पुष्कळदा उसाच्या कामी येत नाही. युरिया ओल्या मातीवर उघडा टाकला की मातीतले एक विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. सामू (मातीची आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा) जितका चढा, तितका तो अधिक सुटतो. कृष्णाकाठची काळी, चुनखडीयुक्त, काही ठिकाणी चोपण झालेली जमीन यासाठी अगदी अनुकूल आहे. गोठ्यातल्या शेण-मुताचा वास हाही अमोनियाच. याशिवाय वाहनांची इंजिने, धुराडी आणि तोडणीनंतर पेटवलेले पाचट यांतून नत्राची ऑक्साइडे हवेत जातात.

वर गेलेले हे नत्र खाली येते ते निरनिराळ्या वाटांनी. पावसाच्या थेंबात विरघळून येते ते ओले निक्षेपण. वायू आणि बारीक कण यांच्या रूपाने पानांवर, सालीवर, मातीवर बसते ते कोरडे निक्षेपण. पहिला पाऊस ते धुऊन खाली नेतो. तिसरी वाट धुक्याची. महाबळेश्वरला पावसाळ्यात दिवसच्या दिवस रान धुक्यात बुडालेले असते, आणि धुक्याच्या थेंबात विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण पावसाच्या थेंबापेक्षा बहुधा जास्त असते, कारण तो थेंब लहान असतो आणि त्यात पाणी कमी असते. अमोनिया वायू फार दूर जात नाही. उगमाजवळच त्याचा मोठा भाग खाली बसतो. त्याचे कणांत रूपांतर झाले, की मात्र ते कण शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतात.

वाऱ्याची दिशाही येथे लक्षात घ्यावी लागते. नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरून, कोकण ओलांडून घाटमाथ्यावर चढतात. त्यांच्यात मैदानातल्या शेतीचा वाटा फारसा असणार नाही. हिवाळ्यात वारे पूर्वेकडून आणि ईशान्येकडून वाहतात, म्हणजे नेमक्या ऊसतोडणीच्या, गुऱ्हाळांच्या आणि पाचट जाळण्याच्या दिवसांत पठारावरची हवा घाटाकडे सरकते. तेव्हा पाऊस नसतो, म्हणून जे काही पोहोचते ते कोरडे पोहोचते, आणि जूनपर्यंत पानापानांवर साचत राहते.

हे खत किती असू शकेल, याचा अंदाज साध्या गुणाकाराने करता येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे हेक्टरी साडेपाच कोटी लिटर. समजा, या पाण्याच्या एका लिटरमध्ये केवळ ०.२ मिलिग्रॅम नत्र आहे, म्हणजे इतके कमी की असे पाणी कोणीही स्वच्छच म्हणेल. तरीही वर्षाला हेक्टरी ११ किलो नत्र खाली आले. ही मोजणी नव्हे, नुसता हिशेब आहे. पण जास्त पावसाच्या प्रदेशात अगदी पातळ द्रावणसुद्धा किती साचते, हे त्यावरून कळते.

अकरा किलो नत्र म्हणजे युरियाची जेमतेम अर्धी गोणी. उसाला एकोणीस गोण्या घालणाऱ्या माणसाला अर्ध्या गोणीची चिंता हास्यास्पद वाटेल, आणि तसे वाटणे चूक नाही. फरक असा, की ऊस दरवर्षी तोडून कारखान्याला जातो आणि त्याच्याबरोबर शेतातले नत्रही जाते. जंगलातून फारसे काही बाहेर जात नाही. झाडाने घेतलेले नत्र पानात जाते, पान गळून पालापाचोळ्यात येते, तो कुजतो आणि तेच नत्र पुन्हा मुळांना मिळते. शेत रोज उलाढाल करणाऱ्या दुकानासारखे आहे, तर जंगल जुन्या घरातल्या त्याच त्या भांड्याकुंड्यांवर चालणाऱ्या संसारासारखे. अशा संसारात दरवर्षी अर्धी गोणी भर पडली, की पन्नास वर्षांत पंचवीस गोण्यांचे नत्र आत येते, आणि बाहेर जाण्याची वाट अरुंद असते.

घाटमाथ्यावरच्या या रानाला उपोष्ण, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या कडेला असते तसे, जंगल म्हणतात; त्या शब्दाचा येथे खुलासा करायला हवा. सातारा आणि सांगली जिल्हे साधारण १७ ते १८ अक्षांशांवर, म्हणजे सरळसरळ उष्ण कटिबंधात आहेत. मग येथील जंगलांना उपोष्ण म्हणायचे कशासाठी? उंचीसाठी. महाबळेश्वरचे पठार १,३०० मीटरहून उंच आहे, तेथील हवा खालच्या मैदानापेक्षा बरीच थंड, आणि म्हणून भारतीय वनांच्या प्रचलित वर्गीकरणात ते रान ‘पश्चिमेकडील उपोष्ण डोंगरी वन’ या प्रकारात बसते. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही तेथील ओळखीची झाडे. ती ठेंगणी, वाऱ्याने वाकलेली, बहुतांशी सदाहरित असतात. जगातली सर्वांत विस्तीर्ण उपोष्ण सदाहरित जंगले मात्र दक्षिण चीनमध्ये आहेत. त्याच अक्षांशांवर अरबस्तानात आणि सहारात वाळवंट आहे; चीनमध्ये मोसमी पावसामुळे जंगल आहे. हवेतून येणाऱ्या खताचा अभ्यास सर्वाधिक तेथेच झाला, कारण तेथे हे खत फार पडते. चीनमध्ये पावसाबरोबर येणारे नत्र १९८० च्या दशकात सरासरीने वर्षाला हेक्टरी सुमारे १३ किलो होते, ते २००० च्या दशकात सुमारे २१ किलो झाले.

आता मातीकडे. घाटमाथ्यावर काळ्या बेसाल्टवर तांबड्या जांभ्याची टोपी आहे. बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर अतिशय दीर्घ काळ ऊन-पाऊस होऊन कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि सिलिका धुऊन गेले, आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरली. जांभ्याचा तांबडा रंग याच लोहाचा. या ऑक्साइडांची एक खोड झाडांना फार महाग पडते : ती स्फुरद घट्ट पकडून ठेवतात. स्फुरद मातीत असतो, पण मुळांना मिळत नाही. नातेवाइकाकडे अडकलेल्या पैशासारखा, हिशेबात आहे आणि हातात नाही. त्यातच नत्राला हवेचा अथांग साठा आहे, स्फुरदाला तसा साठा नाही. तो खडकातून येतो, आणि खडक म्हातारा झाला, झिजला, की नवा पुरवठा आटतो. म्हणून जगभर जुन्या, पावसाने धुतलेल्या मातीवरची जंगले बहुधा नत्रापेक्षा स्फुरदाची भुकेली असतात.

अशा मातीवर झाडे जगतात ती काटकसरीने. पान पिकून गळण्यापूर्वी झाड त्यातले नत्र आणि स्फुरद साधारण निम्मे किंवा त्याहून अधिक परत फांदीत ओढून घेते. पिकले पान पिवळे दिसते ते याच आवराआवरीमुळे. मुळांशी राहणाऱ्या बुरशीचे धागे, जेथे मूळ पोहोचत नाही तेथून स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. मुळे आणि सूक्ष्मजीव फॉस्फेटेज नावाचे विकर सोडून पालापाचोळ्यातल्या सेंद्रिय पदार्थांत अडकलेला स्फुरद सोडवतात. हे विकर प्रथिन आहे, ते बनवायला नत्र लागते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

एकोणिसाव्या शतकात कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी प्रसिद्ध केलेला एक नियम आहे : वाढ ठरते ती सर्वांत तुटवडा असलेल्या द्रव्यावर. सणाच्या दिवशी पुरण पातेलेभर उरले आणि कणीक संपली, तर पोळ्या थांबतात, आणि आणखी पुरण शिजवून काही उपयोग नसतो. नत्र हे पुरण समजले, तर जांभ्यावरच्या जंगलात कणीक म्हणजे स्फुरद. हवेतून नत्र येऊ लागल्यावर, जेथे खरोखर नत्राची कमतरता आहे तेथे, उदाहरणार्थ नुकत्याच पुन्हा वाढू लागलेल्या कोवळ्या रानात, झाडे काही वर्षे जोमाने वाढतील. परंतु जुन्या जंगलात ती जागा लवकर भरते. पानातले नत्र वाढते, स्फुरद तेवढाच राहतो किंवा नव्या पानांत वाटला जाऊन विरळ होतो. पानातल्या नत्राला स्फुरदाने भागले, की जो आकडा मिळतो तो या अभ्यासात फार वापरला जातो. युरोपातल्या पाणथळ जागांवरील वनस्पतींवरून १९९६ मध्ये असा ठोकताळा मांडला गेला, की हा आकडा १४ पेक्षा कमी असेल तर नत्राची टंचाई, १६ पेक्षा जास्त असेल तर स्फुरदाची. तो जसाच्या तसा सह्याद्रीला लावणे मला धाडसाचे वाटते, कारण सदाहरित झाडाचे जाड, चिवट पान आणि दलदलीतले गवत यांची राहणी एक नव्हे. पण एकाच झाडाच्या पानात हा आकडा वर्षानुवर्षे वर सरकत असेल, तर त्याचा अर्थ देठ परीक्षणाचा अहवाल वाचणाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही.

जास्तीचे नत्र घेऊन झाड करते काय? काही झाडे त्यातून अधिक फॉस्फेटेज तयार करतात आणि स्फुरद मिळवण्यासाठी ते नत्र खर्ची घालतात. अशा झाडांचे काही काळ भागते. मात्र त्यामुळे पालापाचोळ्यातला स्फुरदाचा साठा अधिक वेगाने उपसला जातो, आणि मूळ खडकातून तो भरून येण्याचा वेग काही वाढत नाही. शिवाय नत्राने रसरशीत झालेले पान अळ्या-किड्यांना अधिक रुचकर लागते. युरिया जास्त झालेल्या पिकावर मावा आणि तुडतुडे का लोटतात, हे शेतकऱ्याला विचारावे.

याहून नुकसानकारक गोष्ट जमिनीखाली घडते. पावसातून आलेल्या अमोनियमचे मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि त्या क्रियेत आम्ल सुटते. नायट्रेटवर ऋण भार असतो, मातीच्या कणांवरही बहुधा ऋणच असतो, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. झाडांनी आणि सूक्ष्मजीवांनी घेतले नाही, तर ते मुसळधार पावसात वाहून जाते. आणि पाण्यात भारांचा समतोल राहावा लागत असल्याने जाताना आपल्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश यांचे धन भाराचे कण घेऊन जाते. एकीकडे नत्राची चंगळ, दुसरीकडे चुन्याची उधळपट्टी. ही द्रव्ये जांभ्यात मुळातच कमी. ती गेली आणि सामू ५ च्या खाली आला, की जांभ्यात भरपूर असलेले ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि कोवळ्या मुळांची टोके खुंटवते. मुळे खुंटली, की स्फुरद शोधणे आणखी अवघड. चिपळूण-पाटणकडचा भातशेतकरी आम्लधर्मी जमिनीला चुना देतो. जंगलाला तो कोण देणार?

दक्षिण चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात, कर्कवृत्तालगत, डिंगहूशान नावाचे अभयारण्य आहे. तेथे एका बौद्ध मठाच्या छत्राखाली चारशेहून अधिक वर्षे राखलेले रान आहे. आपल्या भाषेत देवराईच. २००३ पासून तेथे काही चौकटी आखून वर्षाला हेक्टरी ५०, १०० आणि १५० किलो जादा नत्र घालण्याचे प्रयोग झाले. हे रान आधीच नत्राने तृप्त होते, म्हणून घातलेल्या नत्राचा मोठा भाग नायट्रेट होऊन निसटला, माती आणखी आम्ल झाली, आणि सर्वांत मोठ्या मात्रेच्या चौकटींत मोठ्या झाडांखालच्या रोपांच्या व नेच्यांच्या जाती घटल्या. मोठी झाडे मात्र अंदाजापेक्षा सावध निघाली. सुमारे दशकभर नत्र घातल्यानंतरही त्यांच्या पानांतील कॅल्शियम-मॅग्नेशियम फारसे ढळले नाही, आणि त्याचे एक कारण संशोधकांनी असे दिले, की ही झाडे अधिक पाणी खेचून पानांवाटे सोडू लागली, म्हणजे मातीतल्या पातळ झालेल्या द्रावणातून तितकीच द्रव्ये मिळवण्यासाठी त्यांनी जास्त पाणी उपसले. पाण्याचा तुटवडा नसलेल्या जागी हे जमते. वर्षातले सात-आठ महिने कोरडे काढणाऱ्या कोयना-चांदोलीच्या रानाला ही युक्ती उन्हाळ्यात किती परवडेल, हा माझ्या मते आपल्याकडे विचारण्याजोगा खरा प्रश्न आहे.

या प्रयोगांवर एक आक्षेपही आहे, आणि तो रास्त आहे. नत्र जमिनीवर फवारले जाते, तर खरे नत्र झाडांच्या डोक्यावर पडते. वाटेत पाने, शेवाळ आणि सालीवरचे सूक्ष्मजीव त्यातला बराच भाग टिपून घेतात. चीनमध्येच पुढे शेंड्यांच्या वरून फवारणी करणारे मनोरे उभारून प्रयोग झाले, आणि जमिनीवरच्या फवारणीने परिणाम काहीसा फुगलेला दिसतो, असे त्यांतून पुढे आले.

महाबळेश्वरच्या रानात तर हे टिपून घेणारे फार आहेत. फांद्यांवर शेवाळ, नेचे, आमरी आणि दगडफुलांचे थर असतात. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात पडणारे दगडफूल हे बुरशी आणि शैवाल यांचे एकत्रित रूप. त्याला मुळे नसतात, म्हणून त्याचे सगळे जेवण हवा आणि पाऊस यांतूनच येते. नत्र वाढले की त्याच्या नाजूक जाती आधी जातात आणि राकट जाती पसरतात. युरोपात हवेतले नत्र ओळखण्यासाठी त्यांचा वापर म्हणूनच होतो. कासच्या सड्यावरची स्थिती याच सूत्राचे दुसरे टोक आहे. तेथे जांभ्यावर माती बोटभरसुद्धा नसते, आणि नत्राची इतकी वानवा असते की दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट केसांनी आणि सीतेची आसवे ही जमिनीखालच्या चिमुकल्या फुग्यांनी बारीक जीव पकडून ती भागवते. ही सारी कसरत उपासमारीच्या जागेसाठी घडलेली आहे. तेथे नत्र फुकट मिळू लागले, तर उंच, वेगाने वाढणारे गवत त्यांना सावलीत टाकील, आणि मग किडे पकडण्याचे कसब त्यांच्या कामाला येणार नाही.

हवेतून येणारी इतर द्रव्ये थोडक्यात सांगतो. समुद्राच्या तुषारांतून सोडियम, मॅग्नेशियम आणि गंधक येते. पाचट किंवा वणवा जळताना धुराबरोबर पालाश उडतो. मे-जूनमध्ये अरबस्तान आणि आफ्रिकेच्या वाळवंटांतली धूळ अरबी समुद्रावरून पूर्वेकडे येते, तिच्यात कॅल्शियम असते आणि थोडा स्फुरदही. अशी धूळ क्षुल्लक नसते : सहारातून ॲमेझॉनच्या जंगलावर वर्षाला सुमारे २२,००० टन स्फुरद पडतो, असा उपग्रहांच्या आधारे काढलेला अंदाज आहे. स्फुरदाला नत्रासारखे वायुरूप मात्र नसते, तो धुळीला आणि राखेला चिकटूनच प्रवास करतो. त्यामुळे हवेतून येणाऱ्या नत्राचे स्फुरदाशी प्रमाण झाडाच्या गरजेपेक्षा बरेच जास्त पडते, आणि स्फुरदाचा तुटवडा एकटी धूळ भरून काढू शकत नाही.

सह्याद्रीच्या एखाद्या रानात ही गोष्ट कोठवर आली आहे, हे पाहायचे असेल, तर त्याला फार महागडे यंत्र लागत नाही. रानाबाहेर उघड्यावर एक आणि झाडांखाली एक अशी पावसाचे पाणी गोळा करणारी भांडी ठेवून दोन्हींतले नत्र मोजता येते. फरक तो पानांनी राखलेला किंवा पानांवरून धुऊन आलेला. अंजनीची हिरवी पाने आणि तिचीच नुकती गळलेली पाने तपासली, तर झाड किती नत्र आणि किती स्फुरद परत ओढते ते कळते. नत्र सढळ मिळत असेल तर झाड ते पानातच सोडून देते, आणि स्फुरद मात्र शेवटच्या कणापर्यंत आवरते. मग ओढ्याचे पाणी. जूनच्या पहिल्या लोटात नायट्रेट सापडणे साहजिक आहे, कारण उन्हाळाभर साचलेले तेव्हा धुऊन निघते. नत्राला भुकेल्या रानाच्या ओढ्यात ते पुढच्या काही आठवड्यांत जवळजवळ नाहीसे होते. ऑगस्टच्या अखेरीस, झाडे जोमात असताना आणि पाऊस महिनोन्महिने धुऊन झाल्यावरही बाटलीतल्या पाण्यात नायट्रेट येतच राहिले, तर त्या रानाने नत्र नाकारायला सुरुवात केली आहे, असे समजावे.